महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्या चांगल्या मुली त्याच दोन-चार संघांकडे का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अमेरिकेत यूकॉन (म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ) आणि साउथ कॅरोलिना दरवर्षी उत्तमोत्तम मुली उचलतात, मग बाकीच्या साडेतीनशे कॉलेजांनी खेळायचं कशाला? आणि सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून आयपीएलसारखा लिलाव किंवा ड्राफ्ट (म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, कमजोर संघाने आधी) का करत नाहीत?

ड्राफ्टचं आधी उरकते. या मुली विद्यार्थिनी आहेत. बारावीच्या मुलीला 'तुला हवं ते कॉलेज नाही, यंदा जो संघ सगळ्यात जास्त हरला तिकडे जा' असं कोण सांगणार? निवड तिची आणि घरच्यांची. प्रशिक्षकांनी घरी यायचं, आईच्या हातचं जेवायचं, आजीशी गप्पा मारायच्या आणि मन वळवायचं. रिक्रूटिंग म्हणतात ते हेच.

आता तुमची तक्रार. ती खरी आहे, पण थोडी जुनी झाली आहे. १९९५ ते २०१६ या काळात २२ राष्ट्रीय अजिंक्यपदांपैकी ११ एकट्या यूकॉनने नेली आणि ५ टेनेसीने. उरलेल्या सहांत बाकी सगळा देश. २०१७ ते २०२५ मध्ये मात्र साउथ कॅरोलिना (तीनदा), नोत्र दाम, बेलर, स्टॅनफर्ड, एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि यूकॉन असे सहा वेगवेगळे विजेते झाले. २०२० ची स्पर्धा कोरोनाने खाल्ली.

हे का बदललं याचं माझं उत्तर एका शब्दाचं आहे: बेंच, म्हणजे राखीव खेळाडूंचं बाकडं. मी नागपूरला शाळेच्या संघात होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला होते. त्यामुळे सामना बघताना माझी नजर आपोआप बाकड्याकडे जाते. नवऱ्याच्या नोकरीमुळे हार्टफर्डला आलो आणि त्याच्या ऑफिसातल्या एकाने यूकॉनची तिकिटं दिली. २०१५-१६ चा हंगाम, बाहेर बर्फ. शेजारच्या खुर्चीत विणकाम करणाऱ्या एक आजी होत्या, त्यांच्याकडे कित्येक वर्षांचा सीझन पास. चौथ्या क्वार्टरला यूकॉन चाळीसेक गुणांनी पुढे. लोक पार्किंगमधून लवकर निघायला मिळावं म्हणून उठायला लागले. आजी म्हणाल्या, "बस, आता खरी गंमत." बेंचच्या टोकाची मुलगी उठली, घाईत जर्सीवरचं जॅकेट काढताना तिची वेणी बटणात अडकली, शेजारणीने सोडवली. तिला जेमतेम दोन मिनिटं मिळाली. तिने एक बास्केट केली तेव्हा सगळं बेंच उभं राहून ओरडत होतं. आजींनी सुई न थांबवता सांगितलं, "आमच्या बेंचवर बसलेली प्रत्येक जण आपापल्या शाळेची राणी होती."

तिथे मला उलगडा झाला. यूकॉन जिंकत होतं ते पाच चांगल्या मुलींमुळे, हे बरोबर. पण त्याच वेळी सहाव्या ते दहाव्या क्रमांकाची मुलगीसुद्धा दुसऱ्या कोणाला मिळत नव्हती. मुलींच्या संघाला तेव्हा १५ स्कॉलरशिपची मुभा होती, मुलांच्या संघाला १३. त्यात कॉलेज बदललं तर साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. मग कोण कशाला जाईल?

दुसरं कारण मुलांच्या बास्केटबॉलशी तुलना केली की दिसतं. तिकडचा हिरा १९ व्या वर्षी, कॉलेजचं एक वर्ष करून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जातो आणि जागा मोकळी होते. डब्ल्यूएनबीएच्या (मुलींच्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टसाठी अमेरिकन मुलीला त्या वर्षात २२ पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवी हातात असावी लागते. पैशाचंही फार आकर्षण नव्हतं. २०२४ साली पहिली निवड झालेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ७६ हजार डॉलर होता. त्यामुळे ब्रियाना स्टुअर्ट यूकॉनला चार वर्षं राहिली आणि चारही अजिंक्यपदं घेऊन गेली. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली, दुसरी आणि तिसरी, तिन्ही निवडी यूकॉनच्या मुलींच्या होत्या. एकाच संघातून!

त्याच वर्षी मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत यूकॉनने मिसिसिपी स्टेटला ९८-३८ असं धुतलं होतं. साठ गुणांनी. वर्षभरानंतर डॅलसमध्ये उपांत्य फेरीत तेच दोन संघ समोरासमोर आले, यूकॉन सलग १११ सामने जिंकून आलेलं. जादा वेळेत शेवटच्या क्षणी मिसिसिपी स्टेटच्या ५ फूट ५ इंचांच्या मॉर्गन विल्यमने चेंडू टाकला आणि यूकॉन ६४-६६ ने हरलं. शेजारच्या अलाबामातली ही मुलगी आणि मिसिसिपीतलीच व्हिक्टोरिया विवियन्स यांना घेऊन मिसिसिपी स्टेटच्या प्रशिक्षकाने तीन वर्षं धीराने संघ बांधला होता. जवळपासच्या मुली नीट हेरल्या तर मुलींना चार वर्षं थांबवणारा नियम तुमच्याही बाजूने काम करतो, हे तेव्हा कळलं. आमच्या घरी मात्र त्या रात्री कोणी जेवलं नाही.

खरी उलथापालथ २०२१ ची. एप्रिलमध्ये एकदा कॉलेज बदलायला बाहेर न बसता परवानगी मिळाली (२०२४ पासून कितीही वेळा) आणि जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. बेंचचं कुलूप निघालं. २०२३ ची विजेती एलएसयू बघा. एंजल रीस मेरीलँडहून आलेली. अंतिम सामन्यात बेंचवरून उठून २२ गुण करणारी जॅस्मिन कार्सन जॉर्जिया टेक, वेस्ट व्हर्जिनिया करत तिथे पोचलेली.

पण याने समतोल आलाच, असं मी म्हणणार नाही. उघडलेल्या दारातून मुली दोन्ही बाजूंनी जातात. सिराक्यूज सोडून साउथ कॅरोलिनाला आलेली ६ फूट ७ इंचांची कमिला कार्डोसो आधी एलिया बॉस्टनच्या मागे राखीव होती. लहान कॉलेजने तीन वर्षं घडवलेली मुलगी चौथ्या वर्षी मोठं कॉलेज पैसे देऊन नेतं, आणि हे मला खटकतं. वर २०२५ पासून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत. बहुतेक मोठ्या ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉलला जातो, तो वेगळा वाद.

२०२४ चा आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलिना हा अंतिम सामना सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. सगळे क्लार्कला बघायला आले होते. ती आयोवाचीच, घराजवळच्या कॉलेजात राहिलेली. तिने ३० गुण केले. साउथ कॅरोलिना ८७-७५ ने जिंकलं आणि त्यांच्यातर्फे सर्वाधिक १९ गुण बेंचवरून आलेल्या टेसा जॉन्सनचे होते, जी पहिल्या वर्षाला होती. दोन्ही बेंचचे गुण मोजले तर साउथ कॅरोलिनाचे ३७, आयोवाचे ०.

तर पुढच्या मार्चमध्ये बघणार असाल तर सुरुवातीच्या पाच जणींची नावं कळतीलच. तिसऱ्या क्वार्टरला जॅकेट काढून कोण उभी राहते ते बघा आणि ती आधी कुठल्या कॉलेजात होती ते शोधा. आजी हल्ली नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यालाच खेळाडूंची यादी माझ्या हातात देतात, अक्षरं बारीक असतात म्हणून, आणि विचारतात, "यातल्या नवीन कोण, कुठून आल्या?"