गिअरचा बुश गार करून बसवायला लिक्विड नायट्रोजनच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडं तुमचं गुऱ्हाळ आहे, चरकाच्या मधल्या गिअरचा गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, घणानं ठोकताना दोनदा कॉलरला (तोंडाकडच्या रुंद कडेला) फुटला, आणि कुणीतरी लिक्विड नायट्रोजन आणायला सांगितलंय. बुश बाहेरून 80 मिमी, गिअर बिडाचा, आणि दिवाळीनंतर गाळप सुरू करायचंय.

मी 22 वर्षं बेळगावात, उद्यमबागेत मशीन दुरुस्तीचं काम करतोय. तुमच्या बुशला नायट्रोजनची गरज नाही. घरचा फ्रीज आणि उकळतं पाणी पुरेल.

पण त्याआधी मापं. बुशचा बाहेरचा व्यास आणि गिअरचं भोक, दोन्ही तीन-तीन ठिकाणी मायक्रोमीटर आणि बोअर गेजनं मोजा. व्हर्नियरवर विसंबू नका. या मापाला बुश भोकापेक्षा 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोठा असला की पुष्कळ झालं. यालाच पकड म्हणतो. 'हंगामात सुटायला नको' म्हणून लेथवाले शंभर-दीडशे ठेवून देतात, आणि मग घण मारावा लागतो. तुमचं मला तेच वाटतंय.

आता हिशोब. गनमेटल दर अंशाला, मीटरमागं साधारण 18 मायक्रॉन आकसतं. म्हणजे 80 मिमीचा बुश 30 अंशांवरून फ्रीजरच्या उणे 18 ला गेला की जवळजवळ 70 मायक्रॉन बारीक होतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गिअरचं भोक 55 मायक्रॉनच्या आसपास मोठं होतं. तापवल्यावर भोक मिटतं असं बरेच जण समजतात, ते चूक. अख्खा गिअर फुगतो तसं भोकही फुगतं. दोन्ही मिळून सव्वाशे. तुमची पकड पन्नासाची असेल तर बुश हातानं आत जाईल.

बुश कोरडा पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. उघडा ठेवलात तर त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि कमावलेली जागा तिथंच जाते. गिअर जुन्या पिंपात अर्धा तास उकळा (काहील घेऊ नका, तेलकट गिअर आहे आणि त्यात पुढं रस शिजायचाय). गॅसच्या ज्वाळेनं तर मुळीच तापवू नका, एकाच जागी आच लागली की बीड तडकतं. तेलाचं भोक जुळण्यासाठी गिअरच्या तोंडावर आणि कॉलरवर खडूची रेघ आधीच मारा, कारण नंतर फिरवायला वेळ मिळत नाही. बुश न थंड करता एकदा सगळी तालीम करा, कोण काय धरणार ते ठरवा. बुश बसल्यावर आतला बोअर थोडा आवळतो, म्हणून आत थोडा जादा धातू ठेवूनच बसवा आणि नंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारा.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो. पहिल्यांदा असा बुश बसवला तेव्हा तो अलगद आत गेला, आम्ही खुशीत हात काढला. दहा मिनिटांनी पाहतो तर कॉलर आणि गिअरच्या मध्ये अर्धा मिलिमीटर फट. थंड बुश लांबीतही आखडलेला असतो. गरम होताना तो आधी मध्ये पकडतो आणि कॉलर टेकायची राहून जाते. तो बुश लेथवर कापून काढावा लागला. तेव्हापासून घट्ट धरेपर्यंत कॉलरवर दाब ठेवूनच उभा राहतो.

नायट्रोजन कुठं लागतो? भाग पोलादी आहे, पकड जास्त आहे आणि ज्यात बसवायचंय ते तापवताच येत नाही, तिथं. मागं एका प्रेसच्या फ्रेममध्ये 120 मिमीची पोलादी पिन बसवली. उणे 196 अंशांत पोलाद दर 100 मिमीला जवळपास 0.2 मिमी आकसतं. टाकीत पिन सोडल्याबरोबर नायट्रोजन खवळून उठला, पांढरी वाफ जमिनीवरून वाहायला लागली. वीसेक मिनिटांनी खळखळ एकदम थांबली. तीच खूण, भाग पूर्ण गार झाल्याची. मेस्त्रींनी चिमट्यानं पिन उचलली, भोकात सोडली, ती आपल्या वजनानं खाली गेली. मिनिटभरात हलेना.

आपल्याकडं बऱ्याच जणांनी हा द्रव पाहिलाय तो गोठ्यात, कृत्रिम रेतनाच्या डॉक्टरांच्या कॅनमध्ये. त्यामुळं भीती वाटत नाही, आणि तेच मला काळजीचं वाटतं. एक लिटर द्रवाचा जवळपास 700 लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत किंवा खड्ड्यात तो हवा ढकलून देतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. काम नेहमी उघड्यावर करा, भांड्याचं तोंड कधी घट्ट बंद करू नका. चेहऱ्यावर शील्ड, हातात पटकन निघणारे कोरडे चामडी हातमोजे, पँट बुटांवरून सोडलेली. बादली साध्या लोखंडाची नको, इतक्या थंडीत ती काचेसारखी फुटते. स्टेनलेस स्टीलची घ्या. त्याच कारणानं गार केलेल्या पोलादावर हातोडा मारायचा नाही. आणि बॉल बेअरिंग नायट्रोजनमध्ये टाकू नका: कडक केलेल्या पोलादाची आतली रचना बदलून माप कायमचं फिरू शकतं. बेअरिंग शाफ्टवर चढवायचं असेल तर तेच 110 अंशांपर्यंत तापवा.

बुश आणि भोकाची तीन-तीन मापं घेऊन इथंच लिहा. बुश लेथवर किती काढायचा ते सांगतो.