वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतरचा ‘वात’

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी ओट्यावरून पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले व जळगावला शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री त्या सलाईन ओढू लागल्या, मला ओळखेनात, खोलीत बैल शिरला म्हणून ओरडू लागल्या. नातेवाइकांपैकी कोणी ‘वात झाला’ म्हणाले, कोणी बाहेरची बाधा. डॉक्टरांनी डिलिरियम असे सांगितले. पाच दिवसांनी त्या सावरल्या. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. पुन्हा तसेच होईल का, आणि ते टाळण्यासाठी आम्हाला काही करता येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ‘वात झाला’ म्हणणारे फारसे चुकले नव्हते, तापात बरळणाऱ्या माणसासाठी जुन्या लोकांनी वापरलेला हा शब्द याच अवस्थेचा आहे. बाधेचा मात्र येथे काही संबंध नाही. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे वाढत जातो, तर डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमी-अधिक होत राहतो. जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, शरीरातील पाण्याची कमतरता, काही औषधे यांचा ताण वृद्ध मेंदूला पेलवत नाही, तेव्हा तो येतो. एकदा येऊन गेला असल्यास पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो, म्हणून गेल्या वर्षीचा हा सगळा प्रसंग भूलतज्ज्ञांना तपासणीच्या वेळीच सांगावा.

प्रतिबंधाचा पाया घालणारे संशोधन अमेरिकेतील येल येथे डॉ. शॅरन इनोये व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, तर विशेष काळजी घेतलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. ही विशेष काळजी म्हणजे चष्मा व कानाचे यंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, रात्रीची झोप न मोडणे, लवकर चालते करणे आणि कुठे आहोत, कोणता वार आहे हे वरचेवर सांगणे, इतकीच होती. एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर मात्र त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही, त्यामुळे जे करायचे ते आधीच करावे लागते.

औषधांकडून इतके स्पष्ट उत्तर मिळालेले नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील २०१८ च्या मोठ्या चाचणीत हॅलोपेरिडॉल या भ्रम शमवणाऱ्या औषधाने डिलिरियमचा काळ घटला नाही. डेक्समेडेटोमिडीन या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या अल्प मात्रेने २०१६ साली बीजिंगमध्ये ७०० वृद्धांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या डिलिरियमचे प्रमाण २३ वरून ९ टक्क्यांवर आणले खरे, परंतु पुढील सर्व चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही. कमरेखालची भूल घेतली की प्रश्न मिटतो, हा समजही २०२१ च्या खुब्याच्या रुग्णांवरील चाचणीत टिकला नाही.

आपल्या भागातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लघवीला उठावे लागू नये म्हणून अनेक म्हाताऱ्या पाणी मुद्दाम कमी पितात आणि खानदेशातील उन्हाळ्यात ही सवय महागात पडते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास त्यांना थोडे थोडे पाणी देत राहावे. घरी झोपेची वा सर्दी-खाजेची गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी. झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. भेटायला सारे गाव लोटण्यापेक्षा एकच ओळखीचे माणूस रात्री जवळ असावे आणि सासूबाई अहिराणी बोलत असतील, तर त्यांच्याशी अहिराणीतच बोलावे.

खरी फसगत होते ती डिलिरियमच्या शांत प्रकारात. रुग्ण ओरडत नाही, दिवसभर पेंगतो, जेवणाकडे पाहत नाही आणि घरचे ‘आता निवांत झोप लागली’ म्हणून समाधान मानतात. अशा वेळी वार उलटे म्हणायला सांगावे. कालपर्यंत सहज म्हणणाऱ्या सासूबाई आज रविवार-शनिवारच्या पुढे अडखळत असतील, तर लगेच परिचारिकेला बोलवावे.

घरी परतल्यावरही दोन-तीन महिने लक्ष ठेवावे. पूर्वी त्या दूधवाल्याचा हिशेब तोंडी ठेवत असतील आणि आता तो जमेनासा झाला असेल, तर स्मरणशक्तीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.