टायटॅनियम ॲल्युमिनाइडचा प्रोजेक्ट घेऊ की कोडिंग शिकू?

प्रश्न : मी नागपूरला धातुशास्त्राच्या बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षासाठी सरांनी टायटॅनियम ॲल्युमिनाइडवर पृष्ठप्रक्रिया करून त्याचं उच्च तापमानाला होणारं ऑक्सिडेशन कमी करण्याचा प्रोजेक्ट सुचवलाय. बाबा म्हणतात, एवढ्याशा विषयावर नोकरी कोण देणार? त्यापेक्षा कोडिंग शिक.

उत्तर : प्रोजेक्ट घे. बाबांची काळजी रास्त आहे, पण त्यांना वाटतो तितका हा विषय लहान नाही.

टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूची घनता निकेलच्या सुपरॲलॉयच्या, म्हणजे खूप तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूंच्या, जवळपास निम्मी. म्हणून तर बोइंग 787 आणि 747-8 यांच्या जीईएनएक्स इंजिनात, लो प्रेशर टर्बाइनच्या मागच्या टप्प्यांत त्याची पाती बसली. घोडं अडतं ते साधारण 750-800 अंश सेल्सिअसच्या वर. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम, दोघांचीही ऑक्सिजनची ओढ जवळपास सारखी. त्यामुळे नुसत्या ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, घट्ट थर बसण्याऐवजी दोन्ही ऑक्साइडची खिचडी होते, ती भराभर वाढते आणि तापणं-थंड होणं सुरू झालं की पापुद्रे सुटतात.

यावरचा मला सगळ्यात आवडणारा उपाय फ्लोरिनचा. पृष्ठभागात अगदी थोडा फ्लोरिन घातला की आत ॲल्युमिनियमचे वायुरूप फ्लोराइड तयार होतात, बाहेरच्या बाजूला सरकतात आणि ऑक्सिजन भेटला की ॲल्युमिना होऊन बसतात. म्हणजे ॲल्युमिनियमला स्वतंत्र वाटच मिळते! जर्मनीत फ्रँकफर्टच्या डेकेमा संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम झालंय. मात्र मात्रा नेमकी लागते. कमी पडली तर परिणाम नाही, जास्त झाली तर टायटॅनियमही फ्लोराइडच्या रूपाने निसटू लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हा परिणाम मिळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं, आणि सौम्य आम्लाची आग तर काही तासांनी जाणवते. फ्यूम हूड, योग्य हातमोजे, प्रथमोपचाराचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि हे काम केलेला माणूस शेजारी नसेल, तर सरांना सरळ नाही म्हण. पॅक ॲल्युमिनायझिंग निवड, म्हणजे नमुना ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या मिश्रणात पुरून तापवायचा. त्यात टायटॅनियम-ट्राय-ॲल्युमिनाइडचा ठिसूळ थर बसतो, त्याला भेगा पडतात. त्या भेगा का पडतात हाच तुझ्या अहवालाचा चांगला अर्धा भाग होईल.

नोकरीचं म्हणशील, तर तुला कोणी ‘टायटॅनियम ॲल्युमिनाइडवाली’ म्हणून घेणार नाही. घेतील ते थर बसवता येतो, तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो आणि का निकामी झाला हे सांगता येतं म्हणून. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंट आणि कोटिंगच्या कारखान्यांना हेच लागतं. संशोधनाकडे वळायचं असेल तर हैदराबादला डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातुशास्त्र प्रयोगशाळा) आणि एआरसीआय (पावडर धातुशास्त्र आणि नव्या पदार्थांचं संशोधन केंद्र) आहेत, एम.टेक.साठी गेटचा धातुशास्त्राचा पेपर दे, आयआयटी मुंबईत हा विभाग आहे. कोडिंगही शिक, पण पायथन, आणि ते याच प्रोजेक्टच्या आकड्यांवर. ऑक्सिडेशनमुळे दर चौरस सेंटिमीटरला वजन किती वाढलं याचा वेळेबरोबरचा आलेख तूच काढ. बाबांना तो दाखवता येईल.

होकार देण्याआधी सरांना दोन गोष्टी विचार : नमुने कुठून येणार, आणि 0.1 मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू विभागात चालू स्थितीत आहे का. हा धातू बाजारात सहज मिळत नाही. नमुन्यांची वाट बघण्यात अख्खं सत्र गेलेले विद्यार्थी मी पाहिलेत.