मुलं भाज्या खात नाहीत, घरी भाजीपाला लावला तर खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. पण कुंड्या आपणच आणल्या, पाणीही आपणच घातलं आणि मुलांना नुसतं दाखवलं तर काही उपयोग नाही. आम्ही एक छोटा वाफा पूर्ण मुलीच्या ताब्यात दिलाय, काय लावायचं ते ती ठरवते, पाणी ती घालते आणि मुख्य म्हणजे तोडतेही तीच.

सुरुवात लहान लाल मुळ्यापासून करा, बी चार-पाच दिवसात वर येतं आणि साधारण 25-30 दिवसात मुळे काढायला येतात, तेवढा धीर मुलांना धरवतो. गाजर पहिल्यांदाच नको, बी इतकं बारीक की बोटात येत नाही आणि उगवायलाच कधीकधी 2-3 आठवडे लागतात, तोवर मुलांचा इंटरेस्ट गेलेला असतो.

आणि मटार तर लावाच! दाणे टपोरे असतात त्यामुळे बोटाने भोक पाडून एकेक टाकायला लहान मुलांनाही जमतं. शिवाय शेंग तोडली की दाण्यातली साखर हळूहळू स्टार्चमध्ये बदलायला लागते, म्हणून ताज्या दाण्याची गोडी शिळ्याला येत नाही. आमची मुलगी ताटातले मटार वेचून बाजूला काढायची, तीच आता वेलापाशी उभी राहून अंगठ्याच्या नखाने शेंग उकलते आणि दाणे कच्चेच खाते, घरात आणेपर्यंत निम्मी टरफलंच उरतात. मला याचा इतका आनंद होतो की मी अजिबात थांबवत नाही.

एक कळकळीची विनंती, "तूच लावलंयस ना, मग खा आता" असं म्हणू नका, तिथेच सगळं बिघडतं. नवीन चव अंगवळणी पडायला मुलांना 8-10 वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. वास घेतला, चाटून थुंकून टाकलं तरी चालेल, तेही मोजा.

ऊन 6 तास मिळत असेल तर टोमॅटो, काकडी पण होईल. कमी ऊन असेल तर पालक, कोथिंबीर लावा. मावा (पानांवरची बारीक रस शोषणारी कीड) पडला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, विषारी औषध नको, कारण मुलं तोडून थेट तोंडात घालणार. फक्त टोमॅटोची पानं खायची नसतात हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.