स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव ताठर करणारा आजार) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला (वय ५२) स्क्लेरोडर्मा असल्याचं निदान झालं आहे. सहा महिन्यांत कातडी बोटांपासून दंडापर्यंत ताठर झाली. हात फार दुखतात. घरात स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या आहेत, त्या द्याव्यात का?

उत्तर : आपल्या मनाने एकही गोळी देऊ नका. (आधीच रोज चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.) कातडीचा ताठरपणा कोपराच्या वर चढला आहे, म्हणजे आजार 'डिफ्यूज' (अंगभर पसरणाऱ्या) प्रकारचा. यात पहिल्या चार-पाच वर्षांत मूत्रपिंडाला मोठा धोका असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होतात, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, त्यामुळे रेनिन (रक्तदाब वाढवणारा, मूत्रपिंडातून येणारा घटक) वाढतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. चढलेला दाब पुन्हा त्याच रक्तवाहिन्यांची नासाडी करतो. याला 'रीनल क्रायसिस' म्हणतात. दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) घेणाऱ्यांत त्याची शक्यता वाढते.

म्हणून घरी दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र हवंच. पाच मिनिटं शांत बसवून, शक्यतो रोज ठरलेल्या वेळी, त्याच हातावर मोजा आणि वहीत लिहा. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, किंवा वरचा आकडा नेहमीपेक्षा ३० ने वाढला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तसाच आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोकं ठणकणं, अंधुक दिसणं, धाप लागणं, लघवी कमी होणं यांपैकी काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. वही सोबत न्या : एरवी १००/६० असणाऱ्या बाईचा १३५ हा आकडा नव्या डॉक्टरांना साधाच वाटेल. तिथे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी लगेच व्हायला हवी. कॅप्टोप्रिलसारखी एसीई इनहिबिटर गटातली रक्तदाबाची औषधं वेळेत सुरू झाली तर जीव वाचतो. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणून बंद करायची नसतात. मात्र क्रायसिस टळावा म्हणून आधीपासून ती घेण्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : मला धाप लागत नाही, एक्स-रेही स्वच्छ आहे. तरी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) कशाला?

उत्तर : या आजारात फुप्फुसात पडणारा व्रण (घट्ट झालेला भाग) सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. निदान होताच एचआरसीटी आणि डीएलसीओसह (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी चाचणी) पीएफटी (श्वसनक्षमतेची चाचणी) करून घ्या. पुढचे आकडे याच्याशीच ताडून पाहायचे असतात. मायकोफेनोलेट किंवा निंटेडानिब ही औषधं बिघाडाचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत. उशीर महागात पडतो तो यामुळेच. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब पाहण्यासाठी दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. घरचा ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) गार बोटावर खोटा आकडा दाखवतो. कानाच्या पाळीला लावायचा मिळाला तर तो वापरा.

प्रश्न : रात्री घशाशी आंबट येतं. तीन उशा घेऊनही फरक नाही.

उत्तर : उशांनी कंबरेत वाक येतो आणि पोटावर उलट दाब पडतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६ ते ८ इंचांचे ठोकळे द्या. जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जेवणानंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची.