हजार तीस विड्या

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रात्री अकराला अमेरिकन कॉलेजच्या अर्जातल्या तुझ्या निबंधाचे तीन ड्राफ्ट आले आणि खाली एकच ओळ, "सर, यातला माझा कुठला?" त्यानंतर झोप लागली नाही, म्हणून सकाळची वाट न बघता लिहितोय.

पहिला तुझा आहे. दुसरा काउन्सेलरांनी सुधारलेला, तिसरा चॅटजीपीटीकडून घासूनपुसून घेतलेला. हे मला सांगावं लागलं नाही. पहिल्यात एक वाक्य आहे: आजीला हजार विड्या द्यायच्या असल्या तरी ती हजार तीस वळते, कारण कारखान्यात तपासणारा वीस-तीस तरी नापास करतोच. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्ट्यांचे हजार, वर एक कट्टा आणि पाच सुट्या. मोजणं तेलुगूत, तुझ्यावर ओरडणं मराठीत. अगं, शाळेची पायरी न चढलेली बाई नुकसानीचा अंदाज आधीच बांधून ठेवते आणि तिच्या शेजारी बसून पत्र्याच्या मापावर तेंदूची पानं कापणाऱ्या नातीला स्टॅटिस्टिक्स शिकायचंय! आणखी काय हवंय तुला?

दुसऱ्या ड्राफ्टमधून नेमकं हेच वाक्य गेलं. तिथे आजी 'शोषित महिला कामगार' झाली. तिसऱ्यात तर ती उरलीच नाही, नुसती जिद्द उरली. तू काय पाहिलंस ते लिही. आजीला विशेषणं लावायचं काम तुझं नाही.

गरिबी ठळक दाखवली तर आर्थिक मदत मिळते, असं तुला सांगितलंय म्हणे. मला याचा राग येतो. घरच्या उत्पन्नाचे आकडे मागायला बऱ्याच अमेरिकन कॉलेजांचा सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म असतो, ते तिथे भर. मार्क मार्कांच्या जागी जातात, अ‍ॅक्टिव्हिटीजना कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जात, १० रकाने आहेत, कौतुक करायला आम्ही शिक्षक शिफारसपत्रं लिहितो. तू काय पाहिलंस, हे सांगायला तुला ६५० शब्द मिळतात. त्यातले दोनशे आजीच्या हालांवर रडण्यात घालवू नकोस. ती स्वतः कधी रडली का?

माझंही सांगतो. मी एमएससाठी अर्ज केला तेव्हा हॉस्टेलमध्ये एका सीनिअरचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' हे अर्जासोबतचं पत्र, फिरत होतं. आम्ही सगळ्यांनी त्यातच नावं आणि विषय बदलले. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. तुटलेला धागा ते आवाजावरून ओळखत, पण मी लिहिलं, 'आमचं कुटुंब वस्त्रोद्योगाशी निगडित आहे.' मला अ‍ॅडमिशन मिळाली. वडिलांनी शेजारच्या मुलाला बसवून माझं ते स्टेटमेंट मराठीत सांगायला लावलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "छान आहे. कुणाबद्दल आहे?"

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाग्याच्या आवाजाचं त्यांना मी कधी नीट विचारलंही नाही.

म्हणून मी कुणाचा निबंध दुरुस्त करून देत नाही. समासात प्रश्नचिन्ह करतो, एवढंच. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी असंच परत पाठवलं, तीनदा. त्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही. त्याचे वडील आजही रस्त्यात भेटले तर मान फिरवतात. तुम्ही चार वाक्यं सुधारली असती तर पोराचं आयुष्य बदललं असतं, असं ते म्हणाले होते. बदललं असतं कदाचित. पण अर्ज पाठवताना 'हे माझं स्वतःचं लिखाण आहे' अशी सही करावी लागते, आणि ती खोटी सही त्या पोरानेच केली असती ना, मी थोडीच! मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. वाटलं असतं तर तुझं सगळं आज रात्रीच नीट करून पाठवलं असतं, कारण तू जावंस असं मला फार वाटतं.

इंग्रजीची भीती सोड. स्पेलिंग चुकलं तर मी खूण करीन. वाक्य तुझंच राहू दे, लंगडं असलं तरी. तू काय पाहिलंस ते लिही, हेच मी पुन्हा सांगणार, रविवारी आलीस तरी तेच सांगणार.

दुसरा आणि तिसरा ड्राफ्ट काढून टाक. पहिल्यातलं ते चौथ्या परिच्छेदातलं वाक्य सगळ्यात वर घे आणि तिथून पुढे लिही. १ जानेवारीच्या मुदतीला अजून पाच आठवडे आहेत, पुरेसे आहेत. मात्र लिहायला बसण्याआधी आजीजवळ जाऊन बस आणि एक विचारून घे, मलाही ऐकायचंय: पावसाळ्यात पानं सादळतात, तेव्हा ती हजारावर किती जास्तीच्या वळते?

तुझे,
सर