न्यायालयांचा खर्च कोण उचलतो?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. तिथे स्थानिक न्यायालयातील लिपिकांची पदे आणि खर्च काउंटीचे निवडून आलेले मंडळ मंजूर करते, असे तो सांगतो. आपल्या जिल्हा पंचायतीला असा अधिकार आहे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. गोव्यातील कनिष्ठ न्यायालयांची पदे व वेतन राज्याच्या अर्थसंकल्पातून येतात. जिल्हा पंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक घटनेच्या कलम 233 नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात आणि त्यानंतर त्यांच्या बदल्यांवर व कामकाजावर कलम 235 नुसार नियंत्रण असते ते मुंबई उच्च न्यायालयाचे, ज्याचे गोवा खंडपीठ पर्वरीत बसते. थोडक्यात, न्यायाधीशावर देखरेख एकाची, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, आणि माझ्या मते दिरंगाईचे एक मूळ या फटीतच आहे. इमारतींसाठी मात्र 1993-94 पासून केंद्रपुरस्कृत योजना असून तिच्यात गोव्यासारख्या राज्याला चाळीस टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच म्हटले होते. पण नव्या पदाला पैसा राज्य सरकारनेच मंजूर करायचा असतो. त्यामुळे आपले गाऱ्हाणे आपल्या आमदारांकडे न्यावे.